चार लाल रेघा

"अहो, ही बाटली चाटूनपुसून रिकामी केलीत की काय?" बायकोने नेलपॉलिशची बाटली उजेडाकडे धरली. "परवा अर्धी होती की."

"सुकत चालली होती," गॅरेजच्या पायरीवर बसून हात पुसता पुसता मिस्त्री म्हणाला. "ब्रश कडक होत होता. म्हटलं, ओली आहे तोवर चारही नटांवर एकदम रेघा ओढून घेऊ, मग सावकाश..."

आणि तो मध्येच थांबला.

मग सावकाश आवळू, असं त्याने ठरवलं होतं. ठरवल्याचं त्याला लख्ख आठवत होतं. आवळल्याचं काही केल्या आठवेना. 

मिस्त्रीची तीस वर्षांची पद्धत होती. नट पुरता आवळला की त्याच्यावरून खालच्या लोखंडापर्यंत एक लाल रेघ ओढायची. पुढे कधी नट ढिला झाला तर रेघ तुटते आणि नुसत्या नजरेला कळतं. आधी पाना, मग रेघ. बायकोच्या नेलपॉलिशचा निम्मा खर्च गॅरेजच्या नावावर पडायचा आणि त्यावरून घरात थट्टाही व्हायची. आज मात्र त्याने पहिल्यांदाच उलटं केलं होतं. आधी रेघ.

आणि ते कोणाच्या गाडीवर, तर व्याह्यांच्या. त्यांची डोंगरातली जुनी जीप. जुने ड्रम ब्रेक काढून पुढे डिस्क ब्रेक बसवायचे होते. पुढची चाकं उघडलीच आहेत तर बेअरिंगही बदलू म्हणून मिस्त्रीने डाव्या चाकावरचा स्टिअरिंगचा आर्म काढला होता. हा आर्म चार नटांवर बसतो आणि तोच चाकाला वळवतो. तो निखळला, तर ड्रायव्हरने स्टिअरिंग कितीही फिरवावं, गाडी आपल्या मर्जीने जाते.

रेघा ओढून झाल्या आणि तेवढ्यात व्याही दारात उभे. दोन तास आधी. जीपही न्यायची होती आणि माहेरपणाला आलेल्या सूनबाईलाही. मुलीच्या बापाने अशा वेळी गाडीखाली पडून राहायचं का? मिस्त्री धडपडत बाहेर आला, हात धुतले, खुर्ची पुसली, चहा झाला. मग तो परत खाली वाकला तेव्हा चार लाल रेघा समोर होत्या. रेघ आहे म्हणजे काम झालंय, हे त्याच्या डोळ्यांना तीस वर्षं पाठ होतं. त्याने चाकं चढवली, ब्रेकमधली हवा काढली, गल्लीत एक फेरी मारली, ब्रेक दोनदा कचकन लावून पाहिला आणि किल्ली दिली.

त्याला आता पाऊण तास झाला होता.

लेकीचा फोन लागेना. व्याह्यांचा वाजत होता, पण गाडी चालवताना फोन उचलायचा नाही हा त्यांचा कडक नियम.  चौथ्यांदा त्यांनी उचलला.

"बोला व्याहीबुवा. घाटाच्या पायथ्याशी आहोत, रेडिएटरमध्ये पाणी घालतोय. ब्रेक काय झकास झालेत हो."

"साहेब, एक काम करा. पुढच्या डाव्या चाकाच्या मागे वाकून बघा. चार नट आहेत, लाल रेघांचे. रेघा तुटल्यात का सांगा."

फोनमधून पावलं वाजली. तुटलेल्या असू दे, मिस्त्री मनात म्हणत राहिला, एक तरी तुटलेली असू दे. रेघ ओढल्यावर त्याने नट आवळले असते तर ते फिरले असते आणि रेघा तुटल्या असत्या. रेघ सरळ असली, तर नटाला पाना लागलेलाच नाही.

"चारही सरळ," व्याही समाधानाने म्हणाले. "पट्टीने आखल्यासारख्या. जन्मभर जमिनी मोजल्यात मी, माझ्या नजरेवर भरवसा ठेवा. चला, निघतो. सूनबाई बसलीसुद्धा."

मिस्त्री पायरीवरून उठला.

"थांबा साहेब. एक वायसर बदलायचा राहिलाय. मी येतो."

"एका वायसरसाठी? उद्या घरीच या की. त्या निमित्ताने जेवायला तरी याल." फोनमधून जीपचं दार लावल्याचा आवाज आला. लग्नात याच माणसाने चारचौघांत सांगितलं होतं, आमच्या व्याह्यांच्या हातची गाडी डोळे मिटून चालवावी.

"साहेब, तिला उतरवा," मिस्त्री म्हणाला. "नट आवळलेच नाहीत मी. विसरलो."

 इकडे बायकोने दाराची चौकट धरली होती. पलीकडून फोन कट झाला.

बावीस किलोमीटर. मिस्त्री स्कूटरवर जीव मुठीत धरून निघाला. व्याही मानी माणूस, रागाने तसेच निघाले असतील तर? समोरून येणाऱ्या प्रत्येक माणसाच्या चेहऱ्याकडे तो पाहत होता. वर काही घडलं असेल तर त्यांना ठाऊक असेल, असं त्याला वाटत होतं.

जीप पायथ्याशीच उभी होती. चारही चाकांना दगड लावलेले. लेक सावलीत बसली होती, व्याही उभे होते.

मिस्त्री जीपखाली शिरला. पहिला नट बोटांनी फिरला. दुसराही. चारही त्याने पान्याने आवळले, जोर लावून.

"किती ढिले होते?" व्याह्यांनी वाकून विचारलं.

थोडेसे, असं म्हणता आलं असतं. "बोटाने फिरत होते," मिस्त्री म्हणाला.

व्याह्यांनी मान हलवली. किल्ली त्यांनी खिशातून काढली, पण ती स्वतःपाशी ठेवावी की द्यावी हे त्यांना कळेना. मिस्त्रीनेच हात पुढे केला. "घरापर्यंत मी नेतो. तुम्ही स्कूटर घ्या."

लेकीने जीपचं दार उघडलं आणि नेहमीसारखी बापाशेजारी बसली. तिच्या चेहऱ्यावर भीतीचा मागमूस नव्हता. तिला तसं बसलेलं पाहून मिस्त्री आजच्या दिवसात सगळ्यात जास्त घाबरला.

"तू उतर. सासऱ्यांच्या मागे बस."

"बाबा, आवळलेत ना आता?"

"आवळलेत."

"मग?"

त्याने स्कूटरकडे बोट दाखवलं. ती उतरेपर्यंत त्याने गाडी सुरू केली नाही.

घाटात प्रत्येक वळणावर त्याने स्टिअरिंग जेवढं फिरवलं तेवढीच जीप वळली. मागून स्कूटर येत होती. वर फाटकाशी पोचल्यावर लेक पाणी घेऊन अंगणात आली. "आत या, व्याहीबुवा," व्याही म्हणाले, अगदी मनापासून.

"आलोच," तो जीपखालून म्हणाला. त्याने पहिल्या नटाला पाना लावला, मग दुसऱ्याला, तिसऱ्याला, चौथ्याला. एकही तसूभर हलला नाही. त्याने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.