तेलासाठी थांबलेली किटबॅग

मी एक जुनी किटबॅग आहे. हिरव्या जाड कॅनव्हासची, पितळी कड्यांची. माझ्या पोटावर पांढऱ्या रंगात 'हवालदार नाथाजी' असं लिहिलेलं आहे. मित्रांनो, लष्करातल्या वस्तूने आपली गोष्ट छाती काढून सांगावी. मला ते जमणार नाही. माझी गोष्ट शरमेची आहे.

कारखान्यात माझी दुहेरी शिवण झाली. नाथाजींच्या खांद्यावर बसून मी जम्मू पाहिलं, राजस्थान पाहिलं. सुट्टीवर येताना माझ्यात लेकीसाठी स्वेटर असे आणि परत जाताना लीलाबाईंनी केलेली शेंगदाण्याची चटणी. फार चांगले दिवस होते ते.

नाथाजी पेन्शन घेऊन उंब्रजजवळच्या आपल्या गावी आले. मला वाटलं, आता खुंटीवर म्हातारपण काढायचं. पण माजी सैनिकांना साताऱ्याच्या कॅन्टीनमध्ये किराणा स्वस्त मिळतो. दर महिन्याला नवरा-बायको एसटीने साताऱ्याला निघत. एकाने रांग धरायची, दुसऱ्याने सामान राखायचं. लीलाबाईंचे गुडघे दुखत, तरी नाथाजींना गल्लीतल्या दस्तगीरच्या दुकानात जायला कमीपणा वाटे. "ही बॅग फाटंल तवा बघू," असं ते चारचौघांत म्हणत आणि मी फुगून जाई. शेजाऱ्यांकडे दस्तगीरकडून येणाऱ्या कापडी पिशव्यांना मी मनातल्या मनात हसतही असे. आज ते आठवलं तरी कानकोंडं व्हायला होतं.

त्यांची लेक राजेश्वरी तासगावला दिली होती. जावईही फौजेत. त्यांची बदली आसामला झाली आणि राजेश्वरी वर्षाच्या संयूला घेऊन तिकडे निघाली. दोन-तीन वर्षं तरी भेट नव्हती. पुण्याहून रात्रीची रेल्वे होती, म्हणून वाटेत चार वाजता तासभर माहेरी थांबणार होती. संयूला नुकतेच शब्द फुटले होते. 'आजी' म्हणायला शिकलीय, असं राजेश्वरीने कळवलं होतं. लीलाबाईंचं सगळं चित्त त्या एका शब्दाकडे लागलं होतं.

नेमकं त्याच सकाळी नाथाजींना कळलं, की कॅन्टीनला तेल येणार आहे.

"आज नको की. पोरगी यायची हाय," लीलाबाई म्हणाल्या.

"ती चारला येणार. आपण दोनला घरात. उगं काळजी करतीस."

स्टँडवर खिसेकापू असतात म्हणून नाथाजींनी घरातला एकुलता एक मोबाइल रुमालात गुंडाळून माझ्या तळाशी ठेवला.

बारा वाजेपर्यंत साबण, चहा, बिस्किटं मिळाली. तेलाची गाडी मात्र आलेली नव्हती. लीलाबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या.

"आवं, चला की आता. तेल दस्तगीरकडनं घिऊ."

"एवढा येळ थांबलो, आता मोकळं जायाचं व्हय?"

एक वाजता माझ्या पोटात फोन वाजला. पुन्हा वाजला. पाच वेळा वाजला. ज्या जाड कापडाचा मला गर्व होता, त्याने तो आवाज गिळून टाकला. मला सगळं कळत होतं, पण बोलणार कशी? मग तेल आलं, आणि नाथाजींनी मोठ्या आनंदाने ती पाकिटं फोनवर रचली. दोनची एसटी निघून गेली होती. पुढची तीनला होती.

चारला दहा कमी असताना आम्ही गल्लीत शिरलो. दस्तगीर दुकानातून धावत बाहेर आला.

"आबा, फोन का उचलला न्हाई? राजाक्का एक वाजताच आली हुती. वळखीची जीप मिळाली म्हून लवकर आली. जीपवाल्याला घाई, तरी तीनपातूर वाट बघून गेली. तुमच्या घराला कुलूप, मग आमच्यातच बसली."

म्हणजे ती जीप वाटेत आमच्या एसटीसमोरूनच गेली असणार.

दस्तगीरची आई अख्तरबी दुकानाच्या पायरीवर बसली होती. काहीतरी चोरलं असावं तशा आवाजात ती म्हणाली, "लीलाबाई, पोरीला वाटंनं शिकवत आणलं हुतं. माजं पांढरं क्यास बघितलं आन् मलाच 'आजी' म्हणली. मी म्हणलं, मी न्हवं गं बाळा, तुजी आजी येतीया."

मला वाटलं, आता लीलाबाई रडतील, नाथाजींना बोलतील. तसं काही झालं नाही. त्या अख्तरबीजवळ बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "कशी म्हणली वो? जरा तसंच म्हणून दावा की."

सत्तरीची अख्तरबी पातळ, बोबडा आवाज काढून म्हणाली, "आ...जी."

"आनी एकदा," लीलाबाई म्हणाल्या.

नाथाजी मला खांद्यावर घेऊन रस्त्यातच उभे होते. मला खाली ठेवायचंही त्यांना सुचलं नाही. "लीला, चुकलं माझं," एवढंच त्यांच्या तोंडून निघालं. माझं ओझं त्या दिवशी मलाच पेलवेना. त्या तेलात पाकिटामागे सात रुपये वाचले होते.

मित्रांनो, मला जपा, धुऊन उन्हात वाळवा, असं मी मागत नाही. फाटले तर फेकून द्या. बचत करणंही वाईट नाही. फक्त एवढं ऐका. रांगेत तुमच्यासोबत उभं असलेलं माणूस 'चला आता' म्हणालं, तर मी अर्धी रिकामी असले तरी मला उचला आणि घरी चला.