मोज्यांच्या कारखान्यातली नवी मेमरी

मित्रांनो, मोजे विणणाऱ्या या जुन्या यंत्राचं झाकण उघडलंत, तर नखाएवढी काळी चिप दिसेल. तीच मी. दिसायला किडमिडीत असले, तरी वीज गेल्यावरही काही न विसरणारी या कारखान्यातली पहिली मेमरी मीच, हे मी मान वर करून सांगते!

माझा जन्म धुळीचा कणही नसलेल्या खोलीत झाला. तिथल्या माणसांनी माझ्या पोटात डोळ्यांना न दिसणारी चुंबकं बसवली; वीज गेली तरी ती आपली दिशा सोडत नाहीत, म्हणून मला सगळं आठवतं. माझ्या आधीच्या मेमरी वीज असेपर्यंतच हुशार. वीज गेली की माप, नक्षी सगळं विसरून कोऱ्या! अर्धवट मोजे मग टाकून द्यावे लागत.

कारखान्यातल्या इंजिनिअर ताईंनी मालकांकडे माझ्यासाठी शब्द टाकला. मालक म्हणाले, "एका यंत्रात बसवून बघा. जमलं तर सगळ्यांत बसवू, नाहीतर परत." माझ्या सगळ्या भावंडांची नोकरी आता माझ्यावर होती.

आणि पहिल्याच घासाला खडा लागला. यंत्र चालवणाऱ्या मामांनी घाईत चुकीचं माप दिलं. मोजा गुडघ्याच्याही वर गेला. मामांनी सवयीप्रमाणे यंत्र बंद करून चालू केलं, कारण जुन्या यंत्रांची सगळी दुखणी याच औषधानं बरी व्हायची. मी मात्र दिलेलं माप धरून बसले आणि पुन्हा तसाच लांबलचक मोजा विणून दिला.

"अहो, ही तर हट्टी आहे! ऐकतच नाही!" मामा ओरडले.

"मग द्या पाठवून परत," मालक म्हणाले. मला फार वाईट वाटलं.

ताईंनी माप दुरुस्त केलं आणि म्हणाल्या, "पाठवायचीच आहे ना? मग आधी मोजा अर्धा असताना तुमच्या हातानं वीज बंद करा."

मालकांनी खटका ओढला. यंत्रं थांबली. सगळे जेवून आले, मग वीज सुरू झाली. बाकीची यंत्रं कोरी होऊन उभी राहिली. मी अर्ध्या टाचेवरून पुढचा टाका घातला. मामांनी तो मोजा ताणून, उजेडात धरून, उलटासुलटा करून पाहिला.

"छे! जोड सापडत नाही," ते म्हणाले. मग डोकं खाजवत हसले. "म्हणजे मघाशी मी चुकीचं सांगितलं, तेही हिनं इमानानंच जपलं की!"

"ताई, बाकीच्या मागवा," मालक म्हणाले.

त्यानंतर माझी भावंडं सगळ्या यंत्रांत बसली. स्वेटरवाले, टॉवेलवाले आम्हाला बघायला आले आणि माझी आणखी भावंडं आपापल्या कारखान्यांत घेऊन गेले. माझा ऊर भरून आला.

बऱ्याच वर्षांनी नवी यंत्रं आली आणि आता माझं यंत्र कोपऱ्यात धूळ खात उभं आहे. मित्रांनो, यंत्रावर चिडण्याआधी आपण त्याला काय सांगितलं ते आठवून बघा, आणि जुनं झालं म्हणून त्याला मोडीत काढण्याची घाई करू नका. माझ्या यंत्राच्या सुयांवर शेवटचा मोजा अजून अर्धाच आहे. कुणी बटण दाबलं, तर पुढचा टाका कुठे घालायचा ते मला ठाऊक आहे.