आमचे आणि आपले

उत्तमराव गुरुजींना डॉक्टरांनी जोरात बोलायची बंदी घातली, म्हणून सगळा पत्रव्यवहार सुरू झाला. त्याआधीच्या ग्रामसभेत रामधन तांड्याच्या गोविंदसिंगांशी त्यांची एवढी जुंपली की रक्तदाब चढून गुरुजी खुर्चीतच बसून राहिले. गुरुजी धामणखेड्याचे सरपंच, आणि तांडा त्याच ग्रामपंचायतीत. उभा जन्म कामरगावच्या शाळेत इतिहास शिकवण्यात गेलेला. गोविंदसिंग फौजेतून रिटायर होऊन आलेले. त्यांची मागणी एकच होती: तांड्याला वेगळी ग्रामपंचायत पाहिजे.

पहिलं पत्र गुरुजींचं आलं. कामरगावला जाणाऱ्या जीपवाल्यानं ते तांड्यावर आणून दिलं. चष्मा पुसून गोविंदसिंगांनी बायकोला, हिरीबाईला, मोठ्यानं वाचून दाखवलं.

‘गोविंदसिंगजी, राष्ट्र असो की गाव, एक राहिलं तरच टिकतं. तांड्याला रस्ता दिला, शाळाखोली बांधून दिली. तुम्ही आमचेच आहात. आजवर तुमची काळजी आम्ही घेतली, पुढेही घेऊ.’

“चांगलं तर लिवलं मास्तरनं,” हिरीबाई म्हणाली.

“चांगलंच हाय. म्हणूनच उत्तर सुचून नाही राह्यलं.”

दोनचार कागद फाडून झाल्यावर एका सकाळी ते बाजेवर बसले आणि एका दमात लिहून मोकळे झाले.

‘गुरुजी, माझ्या रंजीताले तुमीच इतिहास शिकवला. पोरगी घरी मोठ्यानं पाठ करे, म्हणून मलेही आला. इंग्रजानं रेल्वे आणली, कोर्ट आणलं, अन् म्हणे, तुमचं भलं आमाले समजते. रेल्वे वाईट होती म्हणून लोक उठले का? लोकाईले आपलं बरंवाईट आपण ठरवायचं होतं. फौजेत माझ्या बाजूले मद्रासी होता, पंजाबी होता. त्याईनं मले कधी “आमचा” नाही म्हटलं. “आपला” म्हणत. तुमच्या पत्रात “आमचेच” हाय, “आपले” कुठंच नाही. रस्त्यासाठी उपकार मानतो. पण पुढचा रस्ता कुठून काढायचा, ते आमाले ठरवू द्या.’

उत्तर बरेच दिवस आलं नाही. गुरुजी रागावले असतील, असं गोविंदसिंगांना वाटलं आणि त्यांना वाईटही वाटलं. इतक्या वर्षांची ओळख होती.

पुढच्या ग्रामसभेत गुरुजी उभे राहिले आणि हळू आवाजात म्हणाले, “तांड्याच्या ठरावाला माझी संमती आहे.” सभेत कुजबुज झाली. एकानं विचारलं, “गुरुजी, काहून पण?” गुरुजी म्हणाले, “जन्मभर पोरांना जे शिकवलं, त्याच्या उलट हात कसा वर करू?”

ठराव वाशिमला, जिल्ह्याच्या कचेरीत गेला, मंजूर होऊन आला. तांड्यावर ढोल वाजले. निवडणूक होईपर्यंत सारे गोविंदसिंगांनाच पुढारी मानू लागले, आणि त्यांनाही ते गोड वाटू लागलं.

अशात देवलाची चिठ्ठी आली. देवला नाल्यापलीकडच्या वस्तीतला. वीटभट्टीच्या कामाला आलेली ही घरं तिथंच वसली होती. तांड्याच्या मतदार यादीत नावं लागून जमाना झाला होता. देवलाचं म्हणणं साधं होतं: वॉर्ड पाडताना आमची घरं दोन वॉर्डांत तोडू नका. एकत्र राहिली तर आमचा एक माणूस निवडून येईल.

गोविंदसिंगांनी लगेच कागद ओढला. लिहून झाल्यावर सवयीनं हिरीबाईला वाचून दाखवलं. “देवला, कायले चिंता करतं? तुमी आमचेच आहात. तुमची काळजी आमी घेऊ.”

हिरीबाई चुलीपुढून उठली नाही. “हे तं मास्तरचं पत्र हाय,” ती म्हणाली.

“मास्तरचं कसं? मी लिवलं.”

“तुमीच लिवलं. म्हणून तं बोलून राह्यली.”

गोविंदसिंगांची मान तापल्यासारखी झाली. फौजेत साहेबानं सगळ्यांसमोर चूक दाखवली की असंच होई. कागद खिशात कोंबून ते घराबाहेर पडले, नाला ओलांडला आणि देवलाच्या अंगणात जाऊन बसले. देवला गडबडून गेला. त्याच्या बायकोनं, सुंदरबाईनं, चहा ठेवला.

“चिठ्ठीचं उत्तर द्याले आलो,” गोविंदसिंग म्हणाले. “उद्या माह्यासंगं तहसीलीत चाल. आपण दोघं मिळून अर्ज देऊ.”

वॉर्ड एक राहिला. निवडणुकीत गोविंदसिंग सरपंच झाले आणि त्या वॉर्डातून सुंदरबाई निवडून आली. पहिल्याच बैठकीत सरपंचांनी पाण्याची टाकी मंदिराजवळ बांधायचं सुचवलं. सुंदरबाई पदर सावरत उठली. “नाही जमत. तिथून आमच्याकडं पाणी चढत नाही. नाल्याकाठच्या उंचवट्यावर बांधा.” जागा पाहून आलेले दोन सदस्य तिच्या बाजूनं झाले आणि सरपंचांची सूचना पडली.

गोविंदसिंग फणफणतच घरी आले. हिरीबाईनं ताट वाढलं. जेवता जेवता त्यांचा राग उतरला. हात धुऊन त्यांनी गुरुजींना पत्र लिहायला घेतलं: ‘गुरुजी, आज मी सभेत हरलो. तुमाले हसू येईल. एकदा चहाले या, सारं सांगतो.’