कच्च्या करवंदांचा अर्थ

महाडच्या हायस्कुलात चित्रकला शिकवणारे अवधूत मास्तर मुंबईहून एका जुन्या स्पॅनिश चित्राची छापील प्रत घेऊन आले. तीन-चारशे वर्षांपूर्वीची कुणी सरदारीण. काळा झगा, मानेभोवती चुण्यांची पांढरी कॉलर, हातात काढलेला हातमोजा आणि पायाशी कुत्रं.

मास्तरांचं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. वर्गात तासभर बोलणारा हा माणूस बायकोसमोर मात्र गप्प. सरोज मूळची बोलकी, तिला ते फार जड जायचं. चित्र आल्यावर मास्तरांना विषय मिळाला.

“काळं म्हणजे सुतक नव्हे. तो रंग तेव्हा महाग होता, म्हणजे श्रीमंती. कुत्रं म्हणजे निष्ठा.”

“कुणाची?” सरोज भाजी निवडत होती.

“तिची. नवऱ्यावरची.”

“मग नवऱ्याच्या चित्रातही कुत्रं असेल?”

मास्तरांनी चित्राबरोबर आणलेलं, अशा चित्रांचे अर्थ सांगणारं पुस्तक उलटसुलट चाळलं. नवऱ्याविषयी त्यात अवाक्षर नव्हतं.

चैत्रात त्यांनी सरोजचंच तसं चित्र काढायला घेतलं. “हातमोजा कुठून आणू?” म्हणत ती ओंजळीत कच्ची करवंदं घेऊन उभी राहिली. करवंदं तिच्या माहेराहून, कापड्याहून आली होती. मास्तर खूश झाले. पण ते रंग कालवायला वळले की ओंजळीतली दोन-चार कमी व्हायची.

“अगं, खाऊ नकोस. मोजून काढलीत मी!”

“मग भरभर काढा.”

दुसऱ्या रविवारी ओंजळ निम्मी झाली, तिसऱ्या रविवारी तळ दिसू लागला. मास्तर प्रत्येक वेळी खोडून नव्याने काढत.

“काय अर्थ लावलात मग?” तिने विचारलं.

“रानमेवा. म्हणजे माहेरची ओढ.”

“चूक.”

“कच्ची, हिरवी… म्हणजे तारुण्य?”

“तेही नाही. पुस्तकात बघा.”

“पुस्तकात करवंदं नाहीत गं,” मास्तर काकुळतीला आले.

सरोजने शेवटचं करवंद तोंडात टाकलं. एवढं आंबट, तरी चेहरा जरासुद्धा वाकडा झाला नाही. “असलं आंबट बाईला कधी गोड लागतं हो?”

मास्तरांच्या हातातला कुंचला तसाच राहिला. कान लाल झाले. “कधी?” त्यांनी विचारलं.

“दिवाळीच्या सुमारास.”

मास्तर उठले, कोट चढवला आणि दारापाशी जाऊन परत फिरले.

“आता कुठे निघालात?”

“बाजारात. चिंच चालेल ना?”

सरोज इतकी हसली, की तिला भिंतीला टेकावं लागलं.