चार्जिंगवाल्यांचा कुंभक

मी तव्यावर मिरच्या भाजायला घेतल्या की आमची सगळी आळी खोकती. पोरं बाहेर पळत्यात, शेजारच्या कुशाबाई भिंतीपलीकडनं माझा उद्धार करत्यात. आन् आमचे हे, विनोद, गॅसपाशी उभं राहून निवांत माठातलं पाणी घेत्यात. एक ठसका न्हाई. लग्नाला अकरा वर्षं झाली, अकरा वर्षं मी चिडवत आले, "तुमचं नाक काय दगडाचं हाय व्हय?" ते नुसतं हसायचे. मला वाटायचं, माणूस दांडगा हाय. माझ्याइतकी येडी बाई दौंड तालुक्यात सापडायची न्हाई.

हे कुरकुंभला एका केमिकल कंपनीत चार्जिंगला. चार्जिंग म्हंजी काय, इचारलं तर म्हणायचे, "पावडर टाकतो." झालं. मागं एकदा जेवताना बोलले व्हते, मास्क संपल्यात, स्टोअरला मागितल्यात, कवा येत्यात कवा येत न्हाईत, ह्या बारीला आठ महिने झाले. मी म्हणले, "मग?" तर म्हणले, "भागवतो." कसं भागवता, हे मी इचारलं न्हाई. घ्या-घ्या म्हणत भाकरी वाढली.

मग दोन हजार चारच्या डिसेंबरात कंपनीनं नोटीस लावली. टीव्हीवर रोज सकाळी दिसणारे योगाचे गुरुजी दौंडात येणार, कामगारांनी घरच्यांसकट शिबिराला यायचं, नाष्टा कंपनीचा. मी तर हरखलेच. वरीसभर माझी मान धरली व्हती. रविवारी पहाटे उठून पंजाबी ड्रेस घातला, सतरंजी काखेत मारली आन् कुशाबाईंना बी उठवलं. त्यांचा पोरगा म्हाळू आमच्या ह्यांच्याच डिपार्टमेंटला हाय.

मंगल कार्यालयात तीन-चारशे माणूस. स्टेजवर झेंडूच्या माळा, मागं कंपनीचा ह्यो एवढा बॅनर, खुर्चीत मॅनेजर साहेब, कोऱ्या ट्रॅकसूटमधी. गुरुजी शिकवायचे चांगलं, खोटं कशाला बोलू. माझी मान पार खांद्यापतुर वळली. मग ते म्हणाले, "आता कुंभक. सगळे उभे राहा. श्वास आत घ्या आणि धरून ठेवा. ज्याला धरवणार नाही, त्यानं खाली बसायचं."

आमच्या ह्यांनी श्वास घ्यायच्या आधी दाराकडं तोंड फिरवलं. म्हाळूनं बी फिरवलं. ह्यांच्या शिफ्टचा निमोण्याचा नवनाथ उभा व्हता, त्यानं बी. मला हसूच आलं. म्हणलं, ह्यांना नाष्ट्याचा वास लागला वाटतं.

मी तर इस आकडे मोजायच्या आत बसले. कुशाबाई माझ्या आधी बसल्या. मॅनेजर साहेब लालबुंद होऊन खुर्चीत टेकले. मिनिट झालं तवा पाच जण उभे व्हते. सव्वा मिनिट झालं, पाचच्या पाच तसंच उभे. हॉलमधी टाळ्या सुरू झाल्या. मी कुशाबाईंना ढोसलं, "बघा की, आपलेच हायेत!" पाचही चार्जिंगचे व्हते. माझी छाती अशी फुगली म्हणता!

गुरुजी माईक घेऊन खाली उतरले आन् ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "वा! किती वर्षांची साधना? कुणाकडे शिकलात?"

"साधना न्हाई जी," हे म्हणाले. "ड्यूटी हाय."

"म्हणजे?"

आन् ह्यांनी सांगितलं. तक्रार म्हणून न्हाई हो, पाव्हण्याला काम समजावून सांगावं तसं. "टाकीचं झाकण उघडून पावडर वतायची असती. वर वाफ येती. मास्क न्हाईत. मग दाराशी छातीभर श्वास घ्यायचा, आत पळायचं, गोणी वतायची, परत दाराशी येऊन सोडायचा. शिफ्टला साठ-सत्तर गोण्या व्हत्यात. आता जमतं."

मला तव्यावरच्या मिरच्या दिसल्या. माठापाशी हसत उभं राहिलेलं माणूस दिसलं. हसत न्हवतं ते, श्वास धरून उभं व्हतं! आन् मी फिदीफिदी करत व्हते.

गुरुजींनी मॅनेजरकडं बघितलं. मॅनेजरनं घड्याळाकडं. मग गुरुजी हसले आन् माईकवर म्हणाले, "पाहिलंत? यालाच म्हणतात कर्मयोग!" पहिली टाळी मॅनेजरनं वाजवली. मग सगळ्यांनी वाजवली. अरे, तुमच्या टाळ्यांना आग लागली!

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. मी उठले. ह्यांनी माझी ओढणी धरली, "करुणा, बस खाली, नोकरी जाईल." मी ओढणी त्यांच्याच हातात ठेवली आन् पुढं गेले.

"गुरुजी," म्हणलं, "तुमचा मान राखून बोलते. एवढा चांगला योग असंल तर उद्या फर्स्ट शिफ्टला साहेबांना बी शिकवा. साठ न्हाई, सहा गोण्या वतू द्या. मास्क न घालता. मग मी बी टाळ्या वाजवते."

"ताई, हा विषय इथला नाही," मॅनेजर म्हणाला.

"मग कुठला? गेटवर तुम्ही भेटत न्हाई, स्टोअरवाला बोलत न्हाई. आठ महिने ह्या पाच जणांनी श्वास धरलाय, आन् तुम्ही त्यावर टाळ्या वाजवता? लाज वाटू द्या!"

मागं कुशाबाई उभ्या राहिल्या. हात जोडून म्हणल्या, "माझा एकुलता हाय रं." मग एकेक बाई उठायला लागली. गुरुजींची मान खाली गेली. मग त्यांनी माईक मॅनेजरपुढं धरला. "मास्क कधी देताय, साहेब? सगळ्यांसमोर सांगा."

"सोमवारी," साहेब म्हणाला.

सोमवारी आलं ते सर्टिफिकेट, फ्रेम करून. "श्वासनियंत्रणात विशेष प्रावीण्य." मंगळवारी आम्ही अकरा बायका गेटवर उभ्या राहिलो. बुधवारी वीस. गुरुवारी मास्कचा खोका आला. ते सर्टिफिकेट मी वॉचमनच्या टेबलावर उलटं ठेवून आले.

आता पंधरा दिवस झाले. काल इचारलं, "मास्क लावताय न्हवं?"

"रोज लावतो."

"मग आत श्वास घेताय न्हवं?"

हे म्हणाले, "गोणी उचलली की आपसुक थांबतो गं. ध्यानातच येत न्हाई."

आज सकाळी मिरच्या भाजायला घेतल्या. पोरं खोकत पळाली. हे माठापाशी तसंच उभे. मी गॅस बंद केला आन् त्यांच्या छातीवर हात ठेवला. छाती हालत न्हवती.

"घ्या की वो श्वास," मी वरडले, "आपलं घर हाय हे!"