एकाच गटातले दोघे

“म्हणजे मी असलो काय नि नसलो काय, सारखंच?” बुटाची नाडी बांधता बांधता वडील हसले. “तुझी आई हेच सांगायची. तिला संगणक लागला नाही.”

मुलगा हसला नाही. वडील टेकडीवरच्या व्हॉल्व्हघरात जड चावी दोन्ही हातांनी सावकाश फिरवून वरच्या वस्तीला पाणी चढवत. मुलाने शहराचं सारं नळांचं जाळं संगणकात उभं केलं होतं. पाणी नेमकं कशामुळे कमी पडतं, हे शोधणं त्याचं काम. घटक शेकडो, एकेक तपासणं अशक्य. म्हणून तो घटकांचे गट करी, अख्खा गट एकदम बदलून पाही आणि पाण्यात फरक पडला नाही की तो गट बाद करी. ‘चावीवर माणूस’ हा घटक असाच गटासकट बाद झाला होता. महिनाअखेरीला व्हॉल्व्हघर बंद होणार होतं.

त्या दुपारी, कुणी न सांगता, त्याने तो गट पुन्हा उलगडला. त्यात वडिलांच्या शेजारच्याच ओळीत जुन्या वाहिनीची गळती बसली होती. माणूस ‘नाही’वरून ‘आहे’वर गेला, त्याच क्षणी गळतीही ‘कमी’वरून ‘जास्त’वर गेली होती. वडिलांनी चढवलेलं सारं पाणी तिनं घालवलं. बेरीज शून्य. गट बांधण्याआधी सगळ्या घटकांची तोंडं एकाच दिशेला वळवायची, म्हणजे सगळे बदल पाणी वाढवणारेच ठेवायचे, हा या कामातला पहिला धडा. पण त्या ओळीत आपला बाप आहे, पक्षपात नको, म्हणून त्याने तिच्याकडे दुसऱ्यांदा पाहिलंच नव्हतं.

“अरे, अहवाल मंजूर होऊन आला,” साहेब म्हणाले. “आणि आता सांगतोस, माझे वडील महत्त्वाचे आहेत? लोक काय म्हणतील?”

“आकडे तरी बघा, सर.”

“बघितले. म्हणूनच म्हणतो, मिटव.”

महिनाअखेरीला वडील चावी जमा करून घरी आले. गळतीचं सारं मुलाने त्यांना सांगितलं होतं. पायांवर पाणी घेताना त्यांनी सहज विचारलं, “ती गळती तरी काढणार ना रे?”

“नाही, बाबा. तिच्यानंही फरक पडत नाही, असंच अहवालात आहे.”

“वा! म्हणजे तिची नोकरी पक्की.”

दुसऱ्या सकाळी वरच्या वस्तीतल्याच त्यांच्या घराचा नळ कोरडा होता. मुलगा स्वयंपाकघराच्या दारात थबकला. पाठमोरे वडील नळाची इवलीशी तोटी दोन्ही हातांनी धरून, खांद्यांचं सारं बळ लावून, अगदी सावकाश फिरवत होते.