हळूच म्हणायचे शब्द

मित्रांनो, मी आता फार दमले आहे. बोलताना खरखर होईल, सांभाळून घ्या. इंग्रजी बोलायला शिकवणारी मी ग्रामोफोनची, लाखेची एक जुनी तबकडी. कलकत्त्याकडे माझा जन्म झाला आणि १९६१ साली मी भिलाईला, सेक्टर ६ मधल्या शालिकरामच्या क्वार्टरमध्ये आले.

शालिकराम पोलाद कारखान्याच्या मिलमध्ये कामाला होता. त्याच्या मुलीला, कांताला, टेलिफोन ऑपरेटर व्हायचे होते. पहिल्या परीक्षेत ती नापास झाली. परीक्षा घेणारे साहेब म्हणाले, ही प्रत्येक शब्दावर घण घालते. महिन्याने तिला शेवटची संधी होती.

माझ्यातला माणूस मोठे शब्द स्पष्ट म्हणे आणि लहान शब्द ओठातल्या ओठात उरकून टाकी. 'आय कॅन हिअर यू' म्हणताना त्याचा 'कॅन' नुसता 'कन्' होई. पण 'येस, आय कॅन' म्हणताना तोच शब्द ताठ उभा राही. कांता मला रोज ऐके. शेजारच्या सिंधुताई माझे कौतुक करत, तेव्हा बरे वाटे.

शालिकरामला मात्र मी बिघडलेली वाटले.

"कांता, हे रेकॉर्ड बारके शब्द कावून खाऊन राहिली वं?"

"खात नाही बाबा, ते शब्द हळूच म्हनाचे असतात."

"मिलमंदी असं हळू बोललं त मानूस मरते!"

ढिले दिसले की वर वजन ठेवायचे, ही त्याची मिलमधली सवय. कांता बाजारात गेली असताना त्याने सुईच्या डोक्यावर भलामोठा लोखंडी नट ठेवला आणि मला चारपाचदा वाजवले. सुईने माझी सालटी काढली हो! मोठे शब्द कसेबसे तगले, लहान शब्द खरखरीत बुडाले. मिलच्या गोंगाटाला सरावलेल्या त्याच्या कानांना ते कळलेच नाही. परीक्षेला आठच दिवस उरले होते.

कांता आली. नट पाहून तिच्या डोळ्यांत पाणी आले.

"आता साफ आयकू येते का नाही?" शालिकरामने कौतुकाने विचारले.

"हो बाबा," ती म्हणाली.

मग आठ दिवस, माझ्यातून गेलेला एकेक शब्द ती स्वतःच हळूच म्हणत राहिली. आणि पास झाली! शालिकराम मिलभर सांगत सुटला, "म्या नट ठेवला मून पोरगी पास झाली!" कांताने त्याला खरे कधीच सांगितले नाही.

मी तेव्हापासून ट्रंकेच्या तळाशी पडून आहे. मित्रांनो, नाजूक वस्तूंवर जोर करू नका, एवढेच मागणे. पण घरातल्या कोणी मायेपोटी घोटाळा केलाच, तर कांताकडून शिका. माझ्याने ते 'हो बाबा' म्हणवले नसते.